सूर्याचे दोन तडाखे

२ सप्टेंबर १८५९. मुंबईत सकाळ सरून दुपार व्हायला आली होती. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी रोजच्यासारखी चालू होती. टांगलेला चुंबक केसभर जरी फिरला तरी ते दुर्बिणीतून मोजपट्टीवर कळायचे. निरीक्षकाने आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा. एरवी तासाला एक नोंद पुरत असे. पण चुंबक अस्वस्थ दिसला की जागचे हलायचे नाही, थोड्याथोड्या मिनिटांनी वाचत राहायचे, अशी तिथली शिस्त होती. त्या दिवशी ती पाळली गेली, म्हणून विज्ञानाच्या हाती एक अमोल कागद लागला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जमिनीला समांतर असलेली ओढ मुंबईत साधारण ३७-३८ हजार नॅनोटेस्ला असते. ती बघता बघता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरली आणि काही मिनिटांतच पुन्हा वर येऊ लागली.

चार टक्क्यांची ही घसरण ऐकायला किरकोळ वाटते. पण १९८९ साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवणाऱ्या वादळाच्या वेळी जगभरच्या विषुववृत्ताकडील केंद्रांवरची सरासरी घसरण ५८९ नॅनोटेस्ला होती. १८५९मध्ये युरोपातल्या कित्येक उपकरणांची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याची नोंद शाबूत राहिली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जुने आकडे नव्याने तपासून मांडले, तेव्हा त्या वादळाचा आवाका जगाला आकड्यांत कळला.

या वादळाची पहिली खूण मात्र आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये उमटली होती. लंडनच्या दक्षिणेला रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन हा काटेकोर निरीक्षक दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून डागांचे चित्र काढत होता. ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या घोळक्यावर पांढऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके झळाळले. साक्षीला कोणीतरी हवे म्हणून तो बाहेर धावला. मिनिटभरात परतला तोवर झळाळी ओसरत चालली होती. पाचेक मिनिटांत सगळा खेळ आटोपला. रिचर्ड हॉजसन नावाच्या दुसऱ्या एका निरीक्षकानेही ती आपल्या दुर्बिणीतून पाहिली होती, म्हणून कॅरिंग्टनवर विश्वास बसला. त्याच सुमाराला लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत चुंबकाच्या आलेखावर एक बारीकसा बाक उमटला आणि रेघ पुन्हा सरळ झाली. खरे वादळ आले ते साडेसतरा तासांनी.

म्हणजे सूर्याने दोनदा हाणले. एक तडाखा प्रकाशाच्या वेगाने आला, दुसरा जवळजवळ एका दिवसाने. दुसऱ्याबद्दल त्या काळीही तर्क लढवता येत होते. क्यूच्या आलेखावरचा तो बारीक बाक मात्र कोणालाच उलगडेना. ज्या गोष्टीला पहिला धक्का बसला होता, ती वर आहे हेच माणसाला ठाऊक नव्हते.

ते कळायला रेडिओ यावा लागला. डिसेंबर १९०१मध्ये मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर इंग्लंडमधून निघालेला मोर्स संकेत ऐकल्याचे जाहीर केले. रेडिओलहरी सरळ जातात, पृथ्वी तर गोल. मग अटलांटिकचा फुगवटा ओलांडून त्या खाली कशा आल्या? पुढच्याच वर्षी आर्थर केनेली आणि ऑलिव्हर हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे सुचवले की वर विजेचे वहन करणारा एखादा थर असावा. १९२४ साली एडवर्ड ॲपल्टनने बीबीसीचे एक प्रक्षेपण केंद्र वापरून त्या थराची उंची मोजून दाखवली आणि १९४७ साली त्याला नोबेल मिळाले. त्याच वर्षी कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रांचा वरच्या वातावरणावरचा ग्रंथ एशियाटिक सोसायटीने छापला आणि तो या विषयाचा जगभर मान्य झालेला आधार ठरला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे नाव यायला हवे होते.

हा थर म्हणजे आयनांबर. साधारण ६० किलोमीटरपासून वर काहीशे किलोमीटरपर्यंत सूर्याचे जंबुपार आणि क्ष-किरण हवेच्या अणूंतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेले आयन यांचे हे राज्य. त्याचे खालून वर डी, ई आणि एफ असे भाग पाडतात. एफ भागात हवा इतकी विरळ असते की सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा आयन गाठायला बराच वेळ लागतो, म्हणून रात्रीसुद्धा हा भाग टिकून राहतो. लांबच्या रेडिओचा खरा आधार हाच. शॉर्टवेव्हच्या लहरी इथपर्यंत जाऊन वाकतात आणि शेकडो, हजारो किलोमीटर पलीकडे खाली उतरतात. तळाच्या डी भागाची तऱ्हा निराळी. तिथे हवा त्या मानाने दाट. जाणारी लहर इलेक्ट्रॉनला हलवते, तो शेजारच्या रेणूवर आपटतो आणि लहरीची ऊर्जा तिथेच उष्णता होऊन संपते. लहरीची फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितके हे शोषण जास्त. सूर्य मावळला की डी भाग भराभर विरतो. दिवसा फक्त आपल्या जिल्ह्याचे आकाशवाणी केंद्र लागणाऱ्या मीडियम वेव्हवर रात्री कुठल्या कुठल्या परराज्यांतली केंद्रे एकावर एक चढतात, त्याचे कारण हेच.

पन्नाशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत या थराची करामत ऐकू येत होती. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. कोलंबोहून शॉर्टवेव्हवर निघालेली बिनाका गीतमाला बुधवारी रात्री एफ थरावरून वाकून पुण्या-नागपुरात उतरायची. गाणे मध्येच लांब जायचे, घोगरे व्हायचे, पुन्हा जवळ यायचे. रेडिओच्या पेटीला थाप मारून उपयोग नसे. एकच लहर दोन-तीन वाटांनी येत होती. त्या वाटांची लांबी आयनांबराच्या हालचालीबरोबर बदलत होती, आणि लहरी कधी एकमेकींना साथ देत होत्या तर कधी एकमेकींना पुसून टाकत होत्या. त्यातून १९५७-५८ हा काळ सूर्यावरच्या डागांच्या नोंदीतला सर्वांत जोरदार. डाग वाढले की जंबुपार किरण वाढतात, एफ थर दाट होतो आणि अधिक वरच्या फ्रिक्वेन्सीही परतवतो. हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी मंडळी, अकरा वर्षांच्या सौरचक्राकडे डोळे लावून बसतात ती यासाठी. चक्र भरात असले की दहा मीटरचा बँड ‘उघडतो’ आणि थोड्या वॉटच्या सेटवर सातासमुद्रापलीकडचा माणूस बोलू लागतो.

म्हणजे सूर्य तापलेला असणे रेडिओला एरवी मानवते. बिघडते ते तो अचानक भडकला की.

सौरज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात आणि थेट डी भागापर्यंत घुसतात. तिथे इलेक्ट्रॉनांचा सुळसुळाट होतो आणि शॉर्टवेव्ह वर एफपर्यंत पोचायच्या आधीच गिळली जाते. वरचा थर ठीक असतो, पण तिथे जाण्याची वाटच बंद. जर्मनीत हान्स म्योगेल आणि अमेरिकेत जे. एच. डेलिंजर यांनी १९३०च्या दशकात हे कोडे सोडवले. पृथ्वीच्या फक्त उजेडातल्या बाजूचे संदेश एकदम गप्प होतात आणि काही मिनिटांपासून तास-दोन तासांत सावकाश परत येतात. क्यूच्या आलेखावरचा बाकही याच घराण्यातला: ज्वालेच्या किरणांनी आयनांबरातली वीजवाहकता क्षणात वाढली, तिथले प्रवाह फुगले आणि खाली चुंबक हलला. रेडिओचा शोध लागायच्या चार दशके आधी माणसाने आयनांबराला बसलेला धक्का कागदावर टिपून ठेवला होता.

६ सप्टेंबर २०१७ रोजी हा तडाखा नेमका नको त्या वेळी बसला. इर्मा चक्रीवादळ कॅरिबियन बेटे झोडपत होते. तारा, मनोरे, मोबाइल सगळे कोलमडल्यावर तिथे शॉर्टवेव्हवरचे हॅमच मदतीला असतात. तिथली सकाळ होती आणि तेवढ्यात एक्स ९.३ वर्गाची, त्या सौरचक्रातली सर्वांत मोठी ज्वाला उसळली. काही तास त्यांच्या सेटमधून खरखरीशिवाय काही येईना.

याच तडाख्यात आणखी एक उपद्रव असतो: ज्वालेबरोबर सूर्य स्वतःच रेडिओलहरी ओकतो. फेब्रुवारी १९४२मध्ये ब्रिटिश सैन्याची रडारे आंधळी झाली. जर्मनांनी काहीतरी काढले अशी सगळ्यांची समजूत झाली. जे. एस. हे यांनी गोंगाटाची दिशा तपासली तर ती दिवसभर सूर्याबरोबर सरकत होती. पंचवीस वर्षांनी, २३ मे १९६७ रोजी, उत्तर टोकाकडची अमेरिकेची तीन क्षेपणास्त्रसूचक रडारे एकाच वेळी जाम झाली. शीतयुद्ध ऐन भरात होते. रडार जाम करणे म्हणजे युद्धाची कृती, अशी समजूत होती. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली आहे हे लष्कराच्याच हवामानतज्ज्ञांनी वेळेत वर कळवले, म्हणून प्रकरण तिथेच थांबले. सूर्याचे निरीक्षण हा रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणाऱ्यांना ही एक गोष्ट सांगितली तरी पुरे.

दुसरा तडाखा येतो तो प्रकाशाचा नव्हे, द्रव्याचा. सूर्याच्या प्रभामंडलातून अब्जावधी टन विद्युतभारित वायू आपल्या चुंबकीय क्षेत्रासकट सुटतो. त्याला पृथ्वी गाठायला एक ते तीन दिवस लागतात. १८५९मध्ये साडेसतरा तासच लागले, म्हणजे सेकंदाला सरासरी २,३०० किलोमीटरहून जास्त वेग. त्याच्या आतले चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे असले तर पृथ्वी बऱ्यापैकी बचावते. दक्षिणेकडे असले तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि दार उघडते. आत आलेली ऊर्जा पृथ्वीभोवती, काही पृथ्वीत्रिज्यांच्या अंतरावर, पश्चिमेकडे वाहणारा एक अवाढव्य प्रवाह फुगवते. जमिनीवरची आडवी ओढ घटते ती त्याच्यामुळे.

हा प्रवाह मोजायला ध्रुवाजवळची जागा कुचकामी, कारण तिथे अरोराचे, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाबरोबरचे, प्रवाह सगळा हिशेब गढूळ करतात. चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी डोक्यावरही एक वेगळा विद्युतझोत असतो. दोन्हींपासून अंतर राखून असलेले कुलाबा म्हणूनच मोक्याचे. आणि ही जागा पुढे आपण जपली, हे विशेष. मुंबईत विजेवरची ट्राम येणार हे ठरल्यावर तिच्या प्रवाहाने चुंबक बिघडतील हे नानाभाई मूस या कुलाब्याच्या पहिल्या भारतीय संचालकांनी ओळखले. खाडीपलीकडे अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा उभारली गेली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकदम मोजणी करून आकड्यांचा सांधा जुळवून घेतला. मुंबईची ट्राम कधीच इतिहासजमा झाली. अलिबागची नोंद आजही चालू आहे. एवढी लांब आणि सलग चुंबकीय नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

आता आयनांबराकडे. वादळात ध्रुवांकडे ओतलेल्या ऊर्जेने वरची हवा तापते, फुगते आणि विषुववृत्ताकडे वाहू लागते. तिच्याबरोबर ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे प्रमाण बदलते आणि एफ थर कुठे विरळ होतो, कुठे दाट. फेब्रुवारी २०२२मध्ये स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९पैकी ३८ उपग्रह या फुगलेल्या हवेच्या घर्षणाने खाली आले, आणि ते वादळ तर किरकोळ होते.

उत्तरेकडच्या देशांत लोक अरोरा पाहायला बाहेर पडतात. आपल्याकडे आकाशात सहसा काही दिसत नाही, त्यामुळे आपला याच्याशी संबंध नाही असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंबा हे गाव रॉकेट उडवायला निवडले गेले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिले रॉकेट उडाले, ते याच कारणाने. या रेषेवर दिवसा विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र मिळून आयनांबर वर उचलतात, आणि उचललेला माल चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना जाऊन साठतो. उत्तरेकडचा ढीग साधारण अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर पडतो. दुपारी या पट्ट्यावरचे आयनांबर जगात सर्वांत दाट असलेल्यांपैकी असते. जीपीएसचे संकेत त्यातून येताना रेंगाळतात आणि सूर्य भरात असताना अंतरातली चूक पंधरा-वीस मीटरपर्यंत जाऊ शकते. साधा मोबाइल एका ठोकळ सूत्राने त्यातली निम्मी चूक कापतो. आपल्या नाविक या उपग्रहमार्गदर्शन यंत्रणेने सुरुवातीपासून दोन फ्रिक्वेन्सी ठेवल्या आहेत. खालची जास्त रेंगाळते, वरची कमी, आणि दोन्हींच्या फरकावरून चूक काढून टाकता येते.

खरी पंचाईत सूर्यास्तानंतर. वर चढलेला एफ थर दाट राहतो आणि त्याच्या खालचा भाग सूर्य नसल्याने झपाट्याने विरतो. तळाशी तेल आणि वर पाणी ठेवल्यासारखी ही मांडणी, टिकणार किती? खालचा विरळ भाग बुडबुडे होऊन वर घुसतो. हे बुडबुडे कधी हजार किलोमीटरच्याही वर जातात आणि जितके उंच जातात तितके चुंबकीय रेषांवरून दूर उत्तरेला आणि दक्षिणेला पसरतात, म्हणजे महाराष्ट्राच्या डोक्यावर येतात. कोल्हापुरात सबंध आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ऑक्सिजनच्या अंधुक लाल प्रकाशात त्यांची छायाचित्रे घेतली आहेत: उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे, पूर्वेकडे सरकत जाणारे. अशा पट्ट्यातून येणारा उपग्रहाचा संकेत ताऱ्यासारखा लुकलुकतो आणि रिसीव्हरच्या हातून सुटतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सौरचक्र भरात असलेल्या वर्षी, संध्याकाळी साडेसात-आठपासून मध्यरात्रीपर्यंत हा प्रकार वादळ नसतानाही चालतो. विमानांना उतरताना अचूक स्थान देणाऱ्या गगन यंत्रणेची १५ संदर्भकेंद्रे त्यावर पहारा ठेवून असतात आणि भरवसा उरला नाही तर विमानाला तसे कळवतात. अमेरिकेच्या अशाच यंत्रणेला ऑक्टोबर २००३च्या वादळात दोन दिवस मिळून कित्येक तास उंचीचे मार्गदर्शन बंद ठेवावे लागले होते.

आता या संध्याकाळवर वादळ आदळले तर? उत्तर सरळ नाही, आणि या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तीच आहे. वादळाचे विद्युत क्षेत्र ध्रुवांकडून क्षणात विषुववृत्तापर्यंत झिरपते. ते दिवेलागणीला आपल्यावर आले तर एफ थर आणखी उचलला जातो आणि बुडबुड्यांना ऊत येतो. तेच मध्यरात्रीनंतर आले किंवा त्याची दिशा उलटली, तर होणारे बुडबुडेही दबतात. म्हणजे वादळ किती मोठे हे विचारून आपले भागत नाही. ते आले तेव्हा आपल्या घड्याळात किती वाजले होते, हेही विचारावे लागते. कुलाब्याच्या १,६०० नॅनोटेस्लांचाही वाद इथेच येतो. त्यातला काही भाग पृथ्वीभोवतीच्या मोठ्या प्रवाहाचा नसून, मुंबई तेव्हा नेमकी उजेडाच्या बाजूला असल्याने डोक्यावरच्या जवळच्या प्रवाहांचा होता, असे काही अभ्यासक मानतात.

मे २०२४मध्ये याचा अनुभव आला. १० मेच्या रात्री भारतात साडेदहा वाजून गेल्यावर वादळाचा पहिला धक्का पोचला. ऑक्टोबर २००३नंतर प्रथमच ते सर्वांत वरच्या श्रेणीत गेले. अमेरिकेच्या मध्यभागात पेरणीचा हंगाम होता. जीपीएसवर सरळ रेघेत चालणारे ट्रॅक्टर शेतात थांबवावे लागले. लडाखमध्ये हानलेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लालसर प्रकाश टिपला. भारतात मात्र संपर्क आणि उपग्रहमार्गदर्शन फारसे कोलमडले नाही. इस्रोने कारण दिले ते असे: वादळाचा मुख्य भर ११ मेच्या पहाटे-सकाळी आला, तेव्हा आपल्यावरचे आयनांबर पुरते तयारच झाले नव्हते. दहा-बारा तास इकडेतिकडे झाले असते तर चित्र वेगळे दिसले असते. (मध्यरात्री मोबाइल बंद ठेवा, अवकाशातून घातक किरण येणार आहेत, अशी व्हॉट्सॲपवर फिरणारी भीती मात्र निव्वळ थाप. मोबाइलचा संकेत जवळच्या मनोऱ्यापर्यंत जातो. आयनांबराशी त्याची गाठच पडत नाही.)

पूर्वसूचनेचे काय? ज्वालेची सूचना देता येत नाही. ती दिसते तेव्हाच लागलेली असते. सुटलेले द्रव्य दिसते, त्याचा वेग कळतो, पण त्याच्या पोटातले चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे ते अंगावर येईपर्यंत समजत नाही. ते मोजायला पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर याने ठेवावी लागतात. आदित्य-एल१ जानेवारी २०२४पासून तिथे आहे. सूर्याची जंबुपार छायाचित्रे घेणारे त्यावरचे उपकरण पुण्याच्या आयुका संस्थेने घडवले आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरणही त्याच यानावर आहे. नेहमीच्या वेगाने येणाऱ्या द्रव्याला तिथून पृथ्वी गाठायला अर्धा-पाऊण तास लागतो. १८५९च्या वेगाने ते आले, तर हाती दहा मिनिटे उरतील.